पैलतीरीची काळी मैना

सप्टेंबरात इंग्लंडच्या कालव्यावर नॅरोबोट भाड्याने घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी मान्य करावी : पिकलेली ब्लॅकबेरी नेहमी पैलतीरी असते. ऐलतीरी असतो टोपाथ, म्हणजे पूर्वी बोट ओढणाऱ्या घोड्यांची वाट. तिथली फळे फिरायला येणाऱ्यांनी केव्हाच खुडलेली असतात. उरलीच तर गुडघ्याखालची तोडू नयेत. का, ते टोपाथवरची कुत्री पाहून कळेल.

तेव्हा पैलतीर. 57 फूट लांब, जेमतेम 7 फूट रुंद आणि पंधराएक टनांची पोलादी बोट एका झुडपापाशी न्यायची आहे. सुकाणू मागच्या टोकाला असते आणि दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. (संसार मुरलेल्यांना हे तत्त्व समजावावे लागत नाही.) तोडणाऱ्याने पातेले घेऊन पुढच्या टोकावर उभे राहावे आणि झुडूप आले की "अगं, थांबव!" असे ओरडावे. बोटीला ब्रेक नसतो. रिव्हर्स टाकला की ती थांबण्याचा विचार सुरू करते, आणि तेवढ्या वेळात सुकाणूला मुळीच जुमानत नाही. मग काटेरी फांद्या आपल्या हातून निसटतात, खिडक्या खरवडत मागे जातात आणि शेवटी सुकाणूवालीच्या तोंडावर बसतात. करवंदे तोडत वाढलेल्यांनी इथे अनुभवाचा तोरा मिरवू नये. आपली जाळी फळे तोडताना ताशी चार मैलांनी निघून जात नसे.

खात्रीने थांबायचे तर बोट गाळात रुतवावी. काठाशी पाणी उथळ असते, त्यामुळे वेगळे कौशल्य लागत नाही. बांबूने ढकलून सुटका करून घेण्याआधी पातेले भरून घ्यावे.

पोलिसांची भीती नको. 1968 चा तिथला चोरीचा कायदा रानफळे तोडणाऱ्याला चोर मानत नाही, फक्त ती विकायला तोडलेली नसावीत. मात्र पैलतीरी लोकांच्या बागाही पाण्यापर्यंत उतरतात. तिथले सफरचंद कितीही वेडेवाकडे दिसले तरी ते रानफळ नव्हे.

29 सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतर सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो अशी समजूत आहे. उशिरा पोहोचलेल्यांनी जुने कॅलेंडर धरावे. त्यात हा सण 10 ऑक्टोबरच्या सुमारास येतो. दोन पंचांगांच्या घरात वाढलेल्यांना ही सोय नवी नाही.

त्यानंतर मिळतो तो स्लो. बोटीच्या वेगाशी या नावाचा संबंध नाही. हे काटेरी झाडावरचे निळसर काळे, बोराएवढे फळ असते. कच्चे खाऊ नये. खाल्लेच, तर तोंड पूर्ववत होईपर्यंत सुकाणू दुसऱ्याकडे द्यावे. साखर आणि जिन घालून ते बाटलीत नाताळपर्यंत मुरवायचे असते. भाड्याची बोट शनिवारी सकाळी नऊला परत द्यायची असते.