गल्लीतल्या अक्का

बीड जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या, आष्टी असो की अंबाजोगाई, गल्लीगणिक एक अक्का असतातच. वय साठीच्या पुढं, आवाज खणखणीत. ऐकायला जरा कमी येतं म्हणतात, पण चार घरं पलीकडं तोटी गळायला लागली की इकडं अक्कांची झोप उडते. "कोणाचं पाणी सांडायलंय गं?" ही आमच्या गल्लीची भूपाळी.

अक्कांच्या घरात पाण्याला एका कामावर सुट्टी मिळत नाही. तांदळाचं धुवण तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी खरकट्या भांड्यांना. नातवंडं परातीत उभी राहून अंघोळ करतात. त्या पाण्यात पायपुसणी भिजतात आणि उरलेलं संडासात जातं. जावई आला तरी पाणी अर्धा पेलाच. "लागलं तर परत मागा की, नाही कोण म्हणतंय?"

साडीला तर या घरात मरण नाही. मिरवून जुनी झाली की घरात नेसायला, विरली की वाकळ, वाकळ फाटली की पायपुसणं, त्याच्याही चिंध्या झाल्या की पऱ्हाट्यांबरोबर चुलीत. राख भांडी घासायला. म्हणजे लेकीच्या लग्नात नेसलेल्या साडीनं अक्का शेवटी कढई घासतात.

मध्यंतरी सूनबाईंनी हौसेनं आरओचं यंत्र बसवून घेतलं. अक्का समोर पाट टाकून बसल्या. मागच्या बारीक नळीतून मोरीत पाणी जाताना दिसलं, तसं त्यांनी नळीखाली भांडं लावलं आणि मोजलं. "एक तांब्या आपल्याला अन् दोन तांबे मोरीत? हे यंत्र हाय का पुढारी?" तेव्हापासून त्या नळीखाली बादली असते आणि घरातली फरशी आरओच्या पाण्यानं पुसली जाते.

लग्नकार्यात त्यांना आवरणं अवघड. जेवणावळी उठल्या की अर्धवट प्यालेल्या बाटल्या गोळा करत अक्का मांडवभर फिरतात. आहेर करून जातात आणि घागरभर पाणी घेऊन येतात. लोक हसतात. सून दुसऱ्या पंगतीत तोंड लपवते. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तेव्हा गल्लीनं पिशव्या शिवायला टाकल्या. अक्कांच्या जुन्या परकराच्या पिशवीला तोवर तीन ठिगळं लागली होती.

याचा जाचही आहेच. माळ्यावर रिकाम्या डब्यांना जागा आहे, पाहुण्यांच्या गादीला नाही. टूथपेस्टची नळी कात्रीनं कापल्याशिवाय टाकायची नाही. दिवेलागणीपर्यंत दिवा लावायचा नाही. गहू अंगणात निवडायचे, उजेड फुकट असतो तोवर.

पण अक्का उगीच अशा झाल्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायच्या कामावर होत्या. सुकडीची चव अजून सांगतात. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. बालाघाटाचे डोंगर दिसायला आहेत, ढग अडवायला नाहीत. परळीचं औष्णिक वीजकेंद्र २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं आणि दुसऱ्याच वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गल्ली टीव्हीवर ती गाडी बघून हळहळत होती. अक्का म्हणाल्या, "डब्यांखाली गळतंय बघा, कोणी बादली लावा म्हणावं."

पर्यावरणदिनाला शाळेत भाषणं होतात, एक रोप लावलं जातं आणि त्याला पाणी घालायचं कोणी हे ठरत नाही. त्यापेक्षा पोरांना तासभर अक्कांच्या मोरीपाशी बसवावं.

तुमच्याही गल्लीत अशा अक्का असतील, तर तोटीवरून त्यांच्याशी वाद घालू नका. मार्च लागायच्या आत ओळख वाढवा. टँकर चुकला, की भरलेलं पिंप त्यांच्याच घरी सापडतं. फक्त नेलेली घागर घासून परत करा, तीही राखेनं.