दोन डोंगर, मध्ये सूर्य

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यावर केशरी लाइफ जॅकेट.)

अण्णांना तुम्ही ओळखता. प्रत्येकाच्या शाळेत एक असतातच. चित्रकलेचा तास, आम्ही खडूंची पेटी उघडतोय, आणि दारात अण्णा! (हात पाठीमागे, आवाज खर्जात) "सर, तुमचा तास मला द्या. गणिताचा पोर्शन राहिलाय."

ड्रॉइंगचे सर बिचारे डस्टर उचलून निघायचे. वर्षानुवर्षं या माणसानं माझे तास नेले. मग मी त्यांची मुलगी नेली. हिशेब चुकता!

तर सासरेबुवांसह सहकुटुंब क्रूझ. मुंबई-गोवा. बॅलार्ड पिअरवरच अण्णा सुरू. "क्रूझ कसली, जावईबापू? आम्ही भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीनं जायचो. डेकवर वळकटी, उशाला फणस. बंदर आलं की बोट लांब उभी. मग पडावात उतरायचं. पाय चुकला की मे महिन्याची सुट्टी तिथंच संपली!"

इथं आधी सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे, एक लांब. तो ऐकला की जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जमायचं. लोक सेल्फी काढतायत. भोंगा झाला आणि मागून आवाज... "ओळीनं! उंचीप्रमाणे! कोण हसलं ते?"

सगळं जहाज ओळीत! शिट्टीवाला अधिकारीसुद्धा. त्याची उंची कमी, तो पुढून दुसरा.

मग खोलीत दिवसभराचा कार्यक्रम आला. दहाला टॉवेलचा हत्ती. अकराला मातीकाम. संध्याकाळी नाच. मी बायकोला म्हटलं, "अगं, हे शाळेत होतं की! फुकट होतं!" ती म्हणाली, "तेव्हा बाबांनी घेतलं, आता हप्त्यांवर मिळतंय. चला."

दुपारी डेकवर चित्रकला स्पर्धा. विषय : समोर दिसतंय ते काढा.

(प्रेक्षकांकडे बघत सावकाश गोल फिरतो.)

समोर काय? पाणी. मागे? पाणी. जमिनीचा ठिपका नाही. बसलेत कोण? एक सीए, दोन डॉक्टर, पूल बांधणारा माझा मेहुणा. अर्ध्या तासानं कागद गोळा केले. सगळ्यांच्या कागदावर... दोन डोंगर! मध्ये सूर्य! खाली नदी, काठावर झोपडी, आणि आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी!

मी म्हटलं, "डॉक्टर, डोंगर कुठाय?"

"असतोच हो तो."

"आणि झोपडी? अरबी समुद्रात?"

"मग माणसं राहणार कुठे?"

मेहुण्यानं नदीवर पूलही बांधला होता. अर्धवट. म्हणाला, "निधी संपला."

आणि अण्णांचा कागद? डावीकडे समास. वर नाव. इयत्ता : निवृत्त. बाकी कोरा. "अण्णा, चित्र?" "समास बघा आधी. केवढा सरळ आहे!"

(खुर्चीवर टेकतो.)

ड्रॉइंगच्या सरांनी एकदा पिंपळाचं कोवळं पान आणलं होतं. आम्ही हिरवा खडू उचलला. म्हणाले, "आधी बघा रे. हिरवं आहे का?" नव्हतं. तांबूस होतं, आणि शिरेपाशी किंचित पिवळं. तेवढ्यात दारात कोण आलं ते सांगायला नको. हेच सर सव्वीस जानेवारीला रांगोळीला हवे, फळ्यावर सुविचाराला हवे, गणपतीच्या मखराला हवे. फक्त त्यांच्या तासाला नको. मग कळलं, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीत सात गुण वाढतात. तेव्हा कुठे अण्णा म्हणाले, "सात? मग काढू दे चित्रं." म्हणजे चित्रकलेला मान मिळाला तोही बेरजेतच!

त्या डेकवर मी पाण्याकडे नीट बघितलं. निळं नव्हतंच ते. जहाजाच्या पोटाशी शेवाळी, पुढे पत्र्यासारखं, आणि पार टोकाला शिसपेन्सिल आडवी घासल्यावर उमटते तसली करडी पट्टी. माझ्या कागदावर काय होतं? दोन डोंगर.

(ताडकन उठतो.)

तेवढ्यात घोषणा! वारा वाढलाय, नाचाचा तास रद्द. मुलं हिरमुसली. आयोजक बाई गोंधळल्या. आणि जिन्यात, दोन्ही हात पाठीमागे...

"बाई, तास मोकळा आहे ना? मला द्या. चला, सतराचा पाढा!"

सतरा सख्खं एकशे दोन... आख्खा डेक कठड्याला! जहाजाचे डॉक्टर गोळ्या घेऊन धावत आले. "सगळ्यांनाच बोट लागली?"

म्हटलं, "बोट नाही हो डॉक्टर. सासरे!"

(अंधार. अंधारातून अण्णांचा आवाज : "दिवे कुणी घालवले? हात वर!")