आत्याची थंडी, पट्टीची थंडी

बडोद्याला थंडी आधी खंडेराव मार्केटात येते. वेधशाळेचा आकडा पेपरात छापून यायच्या आत तिथल्या भाजीबाजारात सुरती पापडी, जांभळा कंद, तुरीच्या शेंगा आणि हिरवं लसूण यांचे ढीग लागलेले असतात. थंडी तरी केवढी? पारा बारा-तेरा अंशांवर रेंगाळतो, एखाद्या पहाटे दहाच्या खाली डोकावतो आणि पुन्हा वर येतो. शिमल्याचा माणूस यावर पंखा लावून झोपेल. आम्ही बडोदेकर मराठी मंडळी मात्र तेवढ्यावर कानटोप्या, मफलर, मेथीचे लाडू आणि हल्ली हीटर, असा सगळा संसार मांडतो.

भल्या पहाटे माल उतरवणारी माणसं खोक्यांची फळकुटं पेटवून तापणं करतात. तिथे कोणीच काही सेट करत नाही. जास्त लागलं की माणूस एक पाऊल मागे सरकतो, गार वाटलं की पुढे. लाकूड संपलं की वेळ संपली, उठा, हातगाडी ओढा. एका शेकोटीभोवती आठ माणसं आठ वेगवेगळ्या उबेत बसू शकतात, ही सोय अजून कुठल्या कंपनीला जमलेली नाही.

राजेलोकांचं मात्र वेगळं. मार्केटची ही कमानी-घुमटांची इमारत सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या सुमारास, आपल्या कारभाराच्या पंचवीस वर्षांनिमित्त बांधली आणि तिला दत्तक पित्याचं नाव दिलं. आता तिथे महानगरपालिका बसते. याच खंडेराव महाराजांनी मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला होता, तो २००९ साली दोहाला लिलावात पंचावन्न लाख डॉलरांच्या आसपास गेला. माझ्या मनात आपली मध्यमवर्गीय शंका येते की जानेवारीत त्यावर अनवाणी पाय ठेवला तर मोती केवढे गार लागत असतील!

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी हीटर आला तो आत्यासाठी. दुकानदाराने रॉडवाला, ब्लोअरवाला, तेलवाला असे तिन्ही दाखवले आणि तेलवाल्याकडे बोट करून म्हणाला, "काका, आ लई जाव. ऑटोकट छे." दोन हजार वॉटचा. म्हणजे सलग तासभर चालला तर दोन युनिट. म्हणूनच तो घरी आल्यावर पहिली चर्चा उबेची न होता मीटरची झाली. त्याला पंधरा-सोळा अँपिअरचा जाड पिनांचा प्लग लागतो. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावायचा नाही, हे वायरमनने तीनदा सांगितलं आणि आत्याने चौथ्यांदा.

त्याच्या बटणाभोवती एक ते सहा आकडे आहेत. ते अंश नव्हेत, नुसत्या पायऱ्या. पण आत्या भूगोल शिकवून निवृत्त झालेली. "सहावर ठेवलंस? सहा अंशांत मला गारठवतोस काय रे?" म्हणून तिने हीटरच बंद केला आणि रात्रभर कुडकुडली. खरी रीत अशी, की बटण आधी पूर्ण फिरवायचं, खोली हवीशी झाली की हळूहळू मागे आणायचं आणि 'टक्' ऐकू आलं की हात काढायचा.

त्या 'टक्'मागे दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. पट्टी वाकते आणि प्रवाह तुटतो. गार झाली की सरळ होते, पुन्हा टक्. हाच थर्मोस्टॅट. इस्त्रीतही हीच पट्टी. गंमत म्हणजे अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने ती काढली ती घड्याळासाठी, थंडी-उन्हाने जहाजावरचं घड्याळ मागेपुढे होऊ नये म्हणून. दोन टकांमध्ये काही अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर ती क्षणोक्षणी फडफडत बसेल आणि संपर्कबिंदू जळतील. आत्याची सगळी तक्रार नेमकी त्या अंतरातली. शिवाय पट्टीला कळते ती हीटरच्या पोटाशी असलेली थंडी. आत्या झोपते पलीकडच्या भिंतीशी. आणि छत चौदा फूट उंच. गरम हवा तडक वर जाते, त्यामुळे आमच्या हीटरचा पहिला लाभार्थी म्हणजे तुळईवरची पाल.

मग टायमर आणला. चोवीस तासांची तबकडी, कडेने शहाण्णव दाते, प्रत्येक दाता पंधरा मिनिटांचा. जेवढे दाते दाबाल तेवढा वेळ वीज. त्याची मोटर चालते घरच्या विजेवरच. उत्तरायणाला पतंगांच्या दोऱ्या तारांत अडकल्या आणि वीज तासभर गेली, की टायमरही तासभर मागे पडतो. हीटर मग दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणभर, चुकीच्या वेळा इमानाने पाळतो.

माझं मत विचाराल तर टायमर हीटर बंद करायला वापरावा, चालू करायला माणूसच हवा. पहाटे पाचला यंत्र आपणहून तापू लागलं आणि रात्री गोधडी त्यावर सरकलेली असली, तर ते त्याला कोण सांगणार? तेलवाला असेल तर रात्री अकराला बंद होऊनही बराच वेळ ऊब देत राहतो. तोवर आत्या झोपलेली असते. आणि बटणांऐवजी डिजिटल पडदा असलेले हीटर बाहेरच्या टायमरला सहसा दाद देत नाहीत. वीज आली तरी कोणी बटण दाबेल म्हणून ते वाट बघत बसतात.

थर्मोस्टॅटचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. वर्गात किती ऊब आहे हे बघायला शाळेचा शिपाई तास चालू असताना आत येई, मग तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवी. त्याचं येणं-जाणं थांबावं म्हणून जॉन्सन यांनी खोलीतला विजेचा थर्मोस्टॅट केला. पेटंट १८८३ चं. आमच्याकडे थर्मोस्टॅट आल्यापासून आत्याच्या खोलीत येणं-जाणं वाढलंय. आई बटण बघायला येते, बाबा मीटरचा हिशोब सांगायला, मुलं 'टक्' ऐकायला. आत्या गोधडीतून सगळ्यांना बस म्हणते, चिक्कीचा डबा पुढे करते, आणि कोणी उठलं की म्हणते, "दार लावून जा. ऊब जाते."