वैयक्तिक कारणास्तव

सकाळी पासवर्ड चालत नाही. दुपारी एचआर गोड आवाजात विचारते, ‘पाच मिनिटं येता का?’ संध्याकाळी तुम्ही बेकार. कारण? ‘मॅनेजमेंटचा निर्णय.’

म्हणजे पाऊस का पडला, तर हवामान होतं म्हणून.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीला कारण लिहायचं नसतं, म्हणून ती ते तुमच्याकडून लिहून घेते. राजीनामा टाइप करून तयारच असतो: ‘वैयक्तिक कारणास्तव.’ सही केली तर अनुभवपत्र चांगलं. नाही केली तर ‘टर्मिनेशन’, मग बघा कोण नोकरी देतं!

घराचा हप्ता आठवतो आणि माणूस सही करतो.

काढलेल्याला दाद मागता येते. ‘स्वखुशीने’ गेलेल्याने आधी आपली खुशी खोटी होती, हे सिद्ध करायचं.

कायदा नाही असं थोडंच आहे? २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची, तर कारण लिहिलेली महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. वाद असेल तर समेट अधिकारी. ४५ दिवसांत मिटलं नाही, तर थेट न्यायाधिकरण. तिथे जायची मुदत दोन वर्षं. पूर्वी तीन होती. सुधारणा म्हणतात ती हीच.

पण हे सगळं कामगाराला. तुमच्या कार्डावर काय? ‘असिस्टंट मॅनेजर’. हाताखाली कोण? कोणीच नाही. न्यायालय पद नाही, काम बघतं; तेव्हा तुम्हीही कामगार ठरू शकता. एचआरला हे ठाऊक असतं. तुम्हालाच नसतं.

खरोखरचेच मॅनेजर असाल, तर करारपत्र घेऊन दिवाणी न्यायालय गाठा. नोकरी परत मिळत नाही. फार तर नोटीसकाळाचा पगार. तोही निवृत्तीच्या सुमारास.

कारण न देता कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा एका सरकारी महामंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली रद्द केला. नाव ठेवलं ‘हेन्री आठवा कलम’, इंग्लंडच्या त्या मनमानी राजावरून. खासगी कंपन्यांत हेन्री अजून कामावर आहे. तरी त्याने राण्यांची मुंडकी उडवताना निदान आरोप ठेवले होते.

तेव्हा सही नको. कारण लेखी कळवा, एवढाच ईमेल टाका, स्वतःच्या पत्त्यावरून. नेमणूकपत्र, पगारपत्रकं आधीच घरी आणा. बाहेर पडल्यावर पोर्टल ओळख दाखवत नाही.

आणि उरलेल्या पगाराचा हिशेब? वेतन संहिता सांगते, दोन कामकाजी दिवसांत. कंपनी सांगते, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ लॅपटॉप मात्र त्याच संध्याकाळी जमा करायचा. चार्जरसकट.