सुगड पूजावं कसं: नवख्यांसाठी, अकलूज मुक्कामी

साहित्य: पाच सुगडं, पांढरा दोरा, हळदीकुंकू, तिळगूळ आणि शेजारची एक काकू. काकू बाजारात मिळत नाही, पण तिच्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये.

सुगड घेताना टिचकी मारून बघावी. आवाजातलं काही कळलं नाही तरी मारावी. विकणारीला तेवढाच वचक.

13 जानेवारीला भोगी. डोक्यावरून न्हाऊन वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, शेंगदाणे असं शिवारात जे आलंय ते एकाच पातेल्यात घालावं, वर तिळाचं कूट. किती, हे काकूला विचारू नये. ‘अंदाजानं’ हे एकच माप घरात असतं. बाजरीच्या भाकरीला तीळ थापतानाच लावायचे. भाजल्यावर वरून भुरभुरले तर तो पिझ्झा.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. 2024 सारखी एखाद्या वर्षी ती 15 तारखेलाही येते, कारण सूर्य मकर राशीत शिरायला दरसाल वीसेक मिनिटं उशीर करतो. आपल्याकडच्या लग्नांच्या मानानं हे काहीच नाही. यंदा संक्रांत कोणता रंग नेसून आलीय, हे मात्र साडी काढण्याआधी विचारून घ्यावं. तो रंग त्या दिवशी वर्ज्य. पंचांग उघडायची गरज नाही, काकू आठवडाभर आधीच सांगत फिरते.

सुगडांना दोरा गुंडाळून हळदीकुंकवाची बोटं ओढावीत. आत गाजर, बोरं, घाटे, ओंब्या, भुईमुगाच्या शेंगा आणि उसाची कांडी. इथं पुरुष नवख्यांची परीक्षा सुरू होते. बाकी सगळं मंडईतून आणलं तर चालतं, पण शंकरनगरचा कारखाना धडधडत असताना अकलूजमध्ये ऊस विकत आणणं म्हणजे सोयरिकीत नाव घालवणं. ओळखीच्या फडावर जावं, टोळीला रामराम घालावा, दोन टिपरी मागून घ्यावीत. चालत्या ट्रॉलीतून ओढणं हा पोरांचा मान. तुमचं वय गेलं. कांडी सुगडाच्या तोंडात बसेल एवढीच तोडावी. तुमची बसणार नाही. काकू तिची दोन करेल.

मग सुवासिनींबरोबर अकलाईला ववसायला. गर्दीत आपलं सुगड ओळखू यावं म्हणून खूण करून ठेवण्यात अर्थ नाही, सगळ्याजणींनी तीच खूण केलेली असते.

तिसऱ्या दिवशी किंक्रांत. त्या दिवशी कोणतंही नवं काम सुरू करायचं नसतं. ही पायरी नवख्यांना पहिल्याच वर्षी बिनचूक जमते.