उत्तरेचे प्रवासी

एकदाच प्रवास करून त्याच्या उत्पन्नावर आमरण निर्वाह करणारे गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे असतीलच. पूर्वजाने एक लढाई मारावी आणि सात पिढ्यांनी त्या सनदेवर वतन खावे, तसे हे लोक एका सहलीवर जगतात. फरक इतकाच, की वतनदार निदान सणासुदीला रयतेस जेवू घालीत असे, आणि हे मात्र रयतेच्याच घरी येऊन, तिचीच कॉफी पीत, तिलाच आपली कैफियत ऐकवतात. चेन्नईत बदली होऊन आल्यावर आमच्या वाट्यास आलेले असे वतनदार म्हणजे रावजी.

रावजींची सनद एका वाक्याची आहे : "आम्ही उत्तरेत होतो तेव्हा." हे वाक्य प्रथमच ऐकणारा मनुष्य आदराने सावरून बसतो. पुण्याहून आलेल्या माझ्या आत्याने तर हात जोडून, "काशी झाली वाटतं?" असे विचारले. "काशी नव्हे, पुलिकत," रावजी गंभीरपणे म्हणाले, आणि हे बारांपैकी कोणते ज्योतिर्लिंग, अशा मुद्रेने आत्या माझ्याकडे पाहू लागली.

आता पुलिकत हे चेन्नईच्या उत्तरेस जेमतेम ६० किलोमीटरवर आहे. पोन्नेरीपर्यंत लोकल आणि पुढे बस, असे सकाळी निघालेला मनुष्य रात्रीच्या जेवणाला घरी परतू शकतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत कचेरीतील मंडळींबरोबर रावजी तेथे गेले आणि ४ तास होडीत बसले. त्या ४ तासांचा वृत्तांत अद्याप संपावयाचा आहे.

कोणताही विषय काढा, तो पाणथळीत जाऊन रुतलाच म्हणून समजा. सांबारात मीठ अधिक झाल्याची कुरकुर कोणी केली, की "आम्ही उत्तरेत होतो तेव्हा" असा आरंभ होऊन, ते सरोवर चिल्काखालोखाल देशातले सर्वांत मोठे खाजण कसे, श्रीहरिकोट्याच्या बेटाने त्याला समुद्रापासून कसे आडोशाला धरले आहे, पावसाळ्यात नद्यांचे पाणी आले की ते कसे गोडसर होते आणि उन्हाळ्यात कसे खारते, एवढे सर्व ऐकून होईपर्यंत सांबार निवते. श्रीहरिकोट्याहून अग्निबाण सुटला, की सारा देश आकाशाकडे पाहतो, रावजी तेवढे खाली पाहून म्हणतात, "त्याच बेटाच्या बाजूने आमची होडी गेली होती." गावाच्या तमिळ नावात, पळवेर्काडु या शब्दात, शेवटी 'काडु' म्हणजे अरण्य आहे, हे तर त्यांनी आमच्या घरी येणाऱ्या दूधवाल्यालाही ऐकवले, तो बिचारा जन्माने तमिळ.

आमच्या येथील मराठी मंडळातील एक सद्गृहस्थ मुलाकडे सिएटलला गेले असता सात दिवसांची अलास्काची जलयात्रा करून आले, आणि त्यांचे अनुभवकथन आम्ही ठरवले. पडद्यावर हिमनदीचा कडा कोसळून समुद्रात पडला, श्रोत्यांनी श्वास रोधला, आणि मागील रांगेतून प्रश्न आला, "पाणी किती खोल होतं?" शेकडो फूट, असे उत्तर मिळताच रावजी उभे राहिले. "मग त्यात काय विशेष? आमची होडी तीनदा रुतली. नावाडी खाली उतरला, पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत. तो होडी ढकलत शेजारून चालत होता, आणि आम्ही बसून होतो. तुमचा कप्तान उतरून चालला का?" वक्त्याला नाही म्हणावे लागले. "बर्फ आमच्याकडे नव्हता, हे कबूल. पण रोहित पक्षी? नावाडी खोकला, आणि क्षितिजावरची गुलाबी रेघ उठून उडून गेली!" अलास्का तेथेच बुडाली.

डचांनी १६१३ मध्ये पुलिकतला गेल्ड्रिया किल्ला बांधला आणि १६९० मध्ये आपले मुख्य ठाणे तेथून नागपट्टणला हलवले, हा इतिहासही रावजी कौटुंबिक घटनेसारखा सांगतात. "ते उत्तर सोडून आमच्या तंजावराकडे आले, आम्ही तंजावर सोडून तिकडे गेलो. हिशेब चुकता झाला."

एकदा मात्र माझा संयम सुटला. "रावजी, साठ किलोमीटरला कोणी उत्तर म्हणतं का?"

त्यांनी टंबलर खाली ठेवला; त्यात अजून कॉफी होती, हे मी प्रथमच पाहिले. "मग उत्तर कुठं आहे, ते तुम्ही सांगा. व्यंकोजीराजांच्या मागून आमचे लोक तंजावरला आले. तिथली गादी १८५५ मध्ये गेली, आम्ही राहिलो. इथले शेजारी आजही विचारतात, तुम्ही उत्तरेकडचे ना? पुण्यात भाचीच्या लग्नाला गेलो, तर वाढप्यानं मला मद्रासी समजून ताटात भाताचा डोंगर केला. साडेतीनशे वर्षं उत्तरेचा म्हणवून घेतो आहे. एकदा जाऊन यायला नको?"

यावर उत्तर देण्याजोगे मजजवळ काही नव्हते. पुण्याहून आलेला मी; माझी दिशा मला आयती मिळालेली.

मग मला २०११ सालचा नाताळ आठवला. त्या दिवशी, २५ डिसेंबरला, पुलिकतच्या पाण्यात सहलीची होडी उलटून २२ माणसे बुडाली, आणि सहलीच्या होड्यांना मनाईचा हुकूम निघाला. त्यानंतर कित्येक आठवडे रावजींनी उत्तरेचा उच्चार केला नव्हता. सांबारात मीठ पडत होते, अग्निबाणही सुटत होते, आणि रावजी मुकाट्याने कॉफी पिऊन जात होते. त्या शांततेची मी तेव्हा मनोमन कृतज्ञता मानली होती, हे आता लिहिताना लाज वाटते.

गेल्या रविवारी ते आले, तेव्हा कॉफी समोर ठेवून मीच विचारले, "रावजी, तुम्ही उत्तरेत होतात तेव्हा होडी किती वेळा रुतली म्हणालात?"

"चार वेळा," ते म्हणाले.

मी दुरुस्ती केली नाही.