कागदाखालचं नाव

विधानसभेची निवडणूक लागली की खडकी बाजारात पहिला फरक पडतो तो बाकड्यांना. ‘आमदार निधीतून’च्या खालचं नाव आचारसंहितेत कागद चिकटवून झाकतात. चहा पिताना आपण नेमके कोणाच्या कृपेला पाठ टेकलीय, ते महिनाभर कळत नाही.

२०१९ मध्ये भाजपने हाच कागद पुण्यातल्या तीन मावळत्या आमदारांवर चिकटवला. शिवाजीनगरात (खडकी त्यातच येते) विजय काळेंच्या जागी सिद्धार्थ शिरोळे, कोथरूडला मेधा कुलकर्णींच्या जागी चंद्रकांत पाटील, पुणे कॅन्टोन्मेंटात दिलीप कांबळेंच्या जागी त्यांचेच बंधू सुनील कांबळे. तिथे तर आडनाव पुसायचा रंगही वाचला!

मावळत्यांनी मन खट्टू करू नये. जरा खडकीकरांकडे पाहावं. खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाचं मतदान ३० एप्रिल २०२३ ला ठरलं आणि मार्चमध्येच रद्द झालं. तुमचं तिकीट कापलं हो, आमची तर अख्खी निवडणूकच कापली.

बाकडं मात्र जागेवर आहे. पाऊस पडला की कागद गळतो, जुनं नाव पुन्हा डोकावतं. नवे आमदार येतात, बघतात आणि शेजारी दुसरं बाकडं टाकतात.